रवीच्या गाण्यांचं भाषांतर

रविवार, ९ ऑगस्ट १९९८. सातारा

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेनंतर आज ही वही उघडतो आहे. मधल्या कोऱ्या पानांबद्दल माफी कोणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागतो. कारण सांगायचं तर बारावीचे पेपर होते, मग माझी बायको शालन हिच्या आईचं आजारपण. पण तेवढ्यानं सहा महिने जात नाहीत. लिहिण्यासारखं काही नव्हतं तेव्हा मी आळस केला, आणि आता जे आहे ते दुसरीकडे कुठे बोलता येत नाही.

रवी शिलाँगहून परत आला त्याला तेरा दिवस झाले. माझा धाकटा भाऊ, वय बत्तीस. अठरा वर्षं तो तिकडे आमच्या विट्याकडच्याच एका मालकाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. भट्टीसमोर बसायचं, तेजाबाचा पिवळा धूर नाकातोंडात घ्यायचा. आता त्याचा आवाज म्हणजे लाकडावर करवत ओढल्यासारखा झाला आहे. सोबत एक ट्रंक आणली. अर्ध्या ट्रंकेत कपडे, अर्ध्यात कॅसेटी.

काल त्याला सांगलीच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रवीला बाहेर बसवून माझ्या हातात इथल्या डॉक्टरांच्या नावानं पाकीट दिलं. चिकटवलेलं नव्हतं. मी ते स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे उभं राहून वाचलं. दोन्ही फुप्फुसं वाळल्यासारखी कडक होत चालली आहेत, ते मागे फिरणारं नाही, औषध फक्त खोकल्यापुरतं. सहा महिने, फार तर वर्ष.

कराडच्या पुढे गाडीत रवीनं विचारलं, "काय लिव्हलंय दादा?"

"सूज आहे," मी म्हणालो. "सहा महिने औषध घ्यायचं."

सहा हा आकडा मी खरा ठेवला, एवढं समाधान मला गाडीत वाटलं होतं. आज ते लिहून काढल्यावर समाधानासारखं दिसत नाही.

बुधवार, १२ ऑगस्ट

रवीच्या कॅसेटी कसल्या, ते आज ऐकलं. लावल्या लावल्या मी उठलो आणि टेपरेकॉर्डरचं हेड साफ करायला कापूस आणि स्पिरिट शोधू लागलो. रवी हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला.

"दादा, हेड साफ हाय. ते गानंच तसं हाय."

गाणं म्हणावं असं त्यात काही सापडलं नाही. पत्र्यावर कोणी वाळू ओतत राहावं तशी गिटार, तिच्या मागे घाईघाईनं बडवलेले ढोल, आणि त्यावर एक माणूस गळा फाडून ओरडतो आहे. तेही खोल आडातून आल्यासारखं. याला ब्लॅक मेटल म्हणतात. नॉर्वे, स्वीडन अशा थंड देशांतल्या पोरांनी काढलेला प्रकार.

खाली राहणारे घरमालक आप्पासो अंगणातून ओरडले, "सर, वर पिठाची गिरण काढली व्हय?"

रवीनं खिडकीतून तोंड काढलं. "आवं आप्पा, दळान घिऊन या की!"

शालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, ह्यो मानूस मरायला टेकलाय का वो?" मग तिला आपण काय बोललो ते लक्षात आलं. डॉक्टरांचं पत्र तिला माहीत आहे. ती पदर तोंडाला लावून आत गेली. रवी म्हणाला, "न्हाई वैनी, मरून झालंय त्येचं. म्हणून तर बिनघोर वरडतोय."

रविवार, १६ ऑगस्ट

रवीनं काम दिलं आहे. कॅसेटींच्या आतल्या कागदांवर गाण्यांचे शब्द छापलेले असतात, त्यांच्या झेरॉक्स त्याच्याकडे आहेत. इंग्रजी, बारीक अक्षर. त्या त्याला शिलाँगच्या बाननं दिल्या. बान हा तिथला खासी पोरगा, दुकानाशेजारी त्याचं कॅसेटींचं दुकान. परदेशातून पोस्टानं कॅसेटी मागवायचा, नकला करून वाटायचा.

"सा वर्सं ऐकतोय मी हे," रवी म्हणाला. "तू इंग्लिशचा मास्तर. मराठीत लिवून दी मला. काय म्हणत्यात ते कळू दे तरी."

मी आनंदानं हो म्हणालो. त्याच्यासाठी काही करता येईल असं वाटलं.

पहिलंच गाणं बर्फात वाट चुकलेल्या माणसाचं. शब्दशः असं: 'कोणी येणार नाही. ज्याला तू हाका मारतोस तो कधीच नव्हता. तुझं रक्त गोठेल आणि जंगलाला ते कळणारही नाही.'

मी लिहिलं: 'कोणाची वाट पाहू नकोस. हाका थांबव. जंगल शांत आहे, तूही शांत हो.'

भाषांतरात अक्षराला चिकटून राहायचं नसतं, भाव आणायचा असतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तरी दुसऱ्यांदा वाचताना मनात टोचलं. आजारी माणसाच्या हातात ते शब्द कसे द्यायचे? रवीनं माझा कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "अक्षर चांगलं हाय तुजं," म्हणाला.

बुधवार, २ सप्टेंबर

रोज संध्याकाळी चहानंतर अर्धा तास बसतो. आज पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं.

मी ऐकत होतो ते चुकीचं, असं रवीचं म्हणणं. "तू ढोल ऐकतोस, वरडणं ऐकतोस. ते सोड. मेंढरांत कसं ऐकायचो आपण?"

दहा वर्षांचा होईपर्यंत मी वडलांबरोबर मेंढरांमागे हिंडलो आहे. दोनशे मेंढरं एकदम ओरडू लागली की नव्या माणसाला नुसता कल्ला वाटतो. वडील, धुळा त्यांचं नाव, त्या कल्ल्यात बसून सांगायचे, 'भुरीचं कोकरू चुकलंय.' कान कल्ल्यावर ठेवायचा नाही, त्याच्या खाली ठेवायचा. तसं करून पाहिलं. वाळूच्या आवाजाखाली एक सूर होता, फार संथ. वरची सगळी घाई आणि तो सूर यांचा एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखा तो चालला होता. चार-पाच स्वर, तेच ते फिरून. दुःखी म्हणावा तर रडका नव्हता. तो कोणाकडे काही मागत नव्हता, असं म्हणता येईल.

मी हे रवीला सांगितलं. तो खूष झाला. पोरासारखी मांडीवर थाप मारली. "लय झालं! बानला सा महिने लागले हुते मला हे शिकवाया."

यांचं तत्त्वज्ञान मात्र मला अजून पचत नाही. देव नाही, दया नाही, माणूस एकटा, निसर्गाला तुमची पर्वा नाही. आणि जे हे मान्य करत नाहीत ते सगळे मेंढरं. प्रत्येक दुसऱ्या गाण्यात ही शिवी आहे. मी रवीला म्हणालो, "आपला बाप मेंढरांवर जगला. आपण जगलो. आणि मेंढरू ही शिवी?"

रवी म्हणाला, "मेंढराला शिवी न्हाई दादा. मेंढरू बिचारं कुनावर बी विस्वास ठेवतं. राखणारा पाटीवरनं हात फिरवतो आन् बाजाराला बी त्योच नेतो."

चांगलं वाक्य आहे म्हणून इथे उतरवून ठेवतो.

रविवार, १३ सप्टेंबर

आज कॅसेटींमध्ये हातानं छापलेल्या एका मासिकाची पानं सापडली. नॉर्वेत या गाणाऱ्यांपैकी काहींनी जुनी लाकडी चर्चं जाळली. माणसंही मारली. काही जण परक्या वंशांबद्दल जे बोलतात ते वाचून हात धुवावेसे वाटले.

मी पानं रवीपुढे टाकली. "हे माहीत होतं तुला?"

"व्हय."

"आणि तरी ऐकतोस?"

त्यानं पानं गोळा करून त्यांची घडी घातली. मग म्हणाला, "बानचा बाप चर्चात पेटी वाजवायचा. बाननं हे वाचलं त्या दिशी त्यातल्या दोघांच्या कॅसेटी फोडून टाकल्या, टेप झाडावर टांगली. बाकीच्या ठिवल्या. म्हणाला, थंडी खरी हाय, आग लावणारे बेवडे हायत."

तेवढ्यानं प्रश्न सुटतो का? सूर शुद्ध आणि हात घाणेरडे असतील तर सुराचं काय करायचं? देव नाकारणं मी समजू शकतो. दुसऱ्याचा देव जाळणं नाही. मी त्यातल्या दोन कॅसेटी बाजूला काढल्या, रवीनं हरकत घेतली नाही. पण उरलेल्यांतले कोण कसे आहेत हे मला कुठे ठाऊक आहे? न तपासता ऐकतो आहे, ही नोंद इथे राहू दे.

रविवार, ४ ऑक्टोबर

रिक्षानं रवीला यवतेश्वरच्या डोंगरावर घेऊन गेलो. त्याचाच हट्ट. "हितं खाली गानं बसत न्हाई. धुकं पायजे." वर धुकं होतं, दहा पावलांपलीकडचं गवतही दिसत नव्हतं. रिक्षावाला बिडी ओढत मागे थांबला. रवीला रस्त्यापासून पन्नास पावलं चालायला दोनदा थांबावं लागलं. एका कातळावर बसलो. वॉकमनची एक गोटी त्याच्या कानात, एक माझ्या.

इथे मी काय ऐकलं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. ओरडणारा माणूस आता मला ओरडतो आहे असं वाटलंच नाही. त्याचा आवाज धुक्याचाच एक भाग झाला, आणि तो संथ सूर कातळाखालून यावा तसा येत राहिला. मला भीती वाटली नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्याशी गोड बोलत नाहीये, याचा विसावा वाटला. हे मला विचित्र वाटतं. मला गोड बोललेलं आवडतं.

टेप संपल्यावर रवी म्हणाला, "भट्टीफुडं बसल्यावर मालक म्हणायचा, धुरानं काय हुत न्हाई, तूप खा. सगळी तेच म्हणायची. घरला पत्र आलं की त्यात बी सगळं झ्याक. मग हे ऐकलं. म्हटलं, हाय कुनीतरी. जे हाय ते सांगणारं."

मग जरा थांबून, "तुला आठवतंय का दादा, सांगलीच्या ठेसनावर मला काय म्हणाला हुतास?"

मला आठवतं. १९८० चा जून. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. वडील गेले होते, मेंढरं निम्मी राहिली होती, आईनं रवीला मालकाबरोबर पाठवायचं ठरवलं आणि मी त्याला गाडीत बसवायला गेलो. तो चौदाचा. रडत होता म्हणून मी म्हणालो, 'दोन वर्षांत तुला परत आणतो, माझ्याजवळ शाळेत घालतो.'

मी त्याला म्हणालो, "तेव्हा परिस्थिती तशी होती, रवी."

"व्हय," तो म्हणाला. "तशीच हुती." आणि कॅसेट उलटी करून लावली.

घरी आल्यावर वाटतं आहे की आजचा दिवस फार चांगला गेला. त्यालाही बरं वाटलं असावं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

दिवाळीला आई आली. हरणाबाई आता सत्तरीच्या पुढे, तरी विट्याच्या पुढच्या आमच्या गावाहून दोन गाड्या बदलून एकटी आली. बिरोबाचा भंडारा आणला, तो रवीच्या कपाळाला लावला, छातीला चोळला. तिलाही मी सूजच सांगितली आहे.

"लेकराची सूज हिवाळा सरला की उतरंल," ती म्हणाली. रवी माझ्याकडे बघत होता.

दुपारी त्यानं मुद्दाम कॅसेट लावली. शालननं कानावर हात ठेवले. आईनं मान वाकडी करून ऐकलं.

"ह्येच्या अंगात वारं आलंय," ती म्हणाली. "तुजा बाप असाच बोलायचा, भाकणूक सांगताना."

मी चकित झालो. आमच्या बिरोबाच्या जत्रेत वडलांच्या अंगात वारं यायचं आणि ते वर्षाचं भाकीत सांगायचे: पाऊस कसा, रोगराई काय, मेंढरांचं काय. आवाज असाच फाटलेला, घशाच्या तळातून. लहानपणी मला तो आवाज ऐकून मुतायला व्हायचं. या गाण्यातली हाक आणि ती भाकणूक यांत खरोखर साम्य आहे. यावर कधी लेख लिहिता येईल.

आई सांगत राहिली. "भात्तरच्या दुष्काळाआधी तुज्या बापानं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. पानी न्हाई, निम्मी मेंढरं जात्यात. बायामानसं रडाया लागली. पाटील म्हणाला, धुळा, जरा गोड सांग की रं, सणाचा दिस हाय. त्यो म्हणाला, गोड सांगून मी घरला जाईन, मेंढरं कुठं जात्याल? त्या साली जी लवकर हालली ती जगली बग."

"आय, गुंडा कवा निघतोय?" रवीनं विचारलं. गुंडा आमचा चुलतभाऊ, मेंढरं आता त्याच्याकडे आहेत.

"आता निघंल की आठ दिसात. पलूसकडं, उसाच्या रानात खताला मेंढरं बसवायला."

रवी माझ्याकडे वळला. "दादा, मी जाऊ का त्येच्यासंगं? चार-पाच मुक्काम तरी."

"पुढच्या वर्षी जा," मी म्हणालो. "सूज उतरू दे आधी."

त्यानं मान हलवली. लेखाचा विचार अजून डोक्यात घोळतो आहे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. रवीला जिना चढताना तीनदा बसावं लागलं. आप्पासो खालची खोली देतो म्हणाले. घ्यावी. भाषांतराची नऊ गाणी झाली.

रविवार, २२ नोव्हेंबर

आज रवीचं सामान खालच्या खोलीत हलवताना शालनला ट्रंकेच्या तळाशी एक शंभर पानी वही सापडली. तिनं ती मला आणून दिली. "ह्ये बगा, भावजींच्या अक्षरातलं."

रवीचं वाकडंतिकडं अक्षर. हिंदीत, मोडकंतोडकं. तीच गाणी. बान सांगत गेला असेल आणि हा लिहीत गेला असेल. प्रत्येकाखाली तारीख. पहिल्यावर मार्च १९९४.

'कोई नहीं आयेगा. जिसको बुलाता है वो कभी था ही नहीं.'

एकही शब्द सुटलेला नाही. मी माझे कागद काढून शेजारी ठेवले. त्यानं 'मौत' लिहिलं तिथे माझ्याकडे 'विश्रांती'. त्यानं 'सड़ना' लिहिलं तिथे मी 'मातीत मिसळणं'. तिसऱ्या गाण्यात तर मी एक अख्खं कडवं गाळलं होतं आणि ते मला आठवतही नव्हतं.

मला आधी राग आला, हे कबूल करतो. एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला त्यानं परीक्षेला बसवलं. तीन महिने तो माझा एकेक कागद वाचून अक्षराचं कौतुक करत होता.

सोमवार, २३ नोव्हेंबर

सकाळी वही त्याच्यापुढे ठेवली. "तुला सगळं येत होतं. मग मला कशाला करायला लावलंस?"

तो उशीला टेकून बसला होता. "बगत हुतो."

"काय?"

"तू मला कितपत सांगतोस ते."

"गाण्यांचं?"

"गान्यांनी सुरवात केली. म्हटलं, ह्यात जर खरं सांगितलंस तर फुडचं इचारीन." त्याला दम लागला, मी थांबलो. "सांगलीच्या डागदरचा कागद बी असाच वाचलास ना रं?"

मी म्हणालो, "मला पहिला तास आहे."

खरोखर असंच म्हणालो. आणि कॉलेजात गेलो. अकरावीला एक धडा शिकवला, फळ्यावर दोन शब्दांचे अर्थ लिहिले, हजेरी घेतली. आवाज जराही हलला नाही. हे मला माझ्याविषयी आधी माहीत नव्हतं.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

तीन दिवस रवीनं पुन्हा विचारलं नाही. वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. त्यानं सोडून दिलं होतं. बहुधा त्यामुळेच आज माझ्याच्यानं राहवलं नाही. दुपारी दीडला कॉलेजातून आलो, जेवलो नाही, कपाटातलं पत्र घेतलं आणि खाली गेलो. शालनला म्हणालो, तूही ये.

एक ओळ इंग्रजीत वाचायची, लगेच मराठीत सांगायची, असं ठरवलं. वाचताना दोनदा जीभ पळवाट काढू लागली. 'मागे न फिरणारं' म्हणायचं तिथे 'हट्टी' असा शब्द तोंडात आला. रवीनं हात वर केला. "न्हाई. काय लिव्हलंय ते." मी परत मागे जाऊन वाचलं. शेवटची ओळ वाचली. सहा महिने, फार तर वर्ष.

शालन दाराला धरून उभी होती. रवी रडला नाही. "तारीख काय हाय वर?"

"आठ ऑगस्ट."

त्यानं बोटांवर मोजलं. "साडेतीन म्हैने गेले." मग मोठ्यानं श्वास ओढून, "ऑगस्टात मी चालत हुतो दादा. स्टँडापास्नं घरापतुर चालत आलो हुतो, आठवतंय? मला त्या दिशी सांगितलं असतंस तर मी गावाला गेलो असतो. गुंडाच्या मेंढरांमागं हिंडलो असतो. दिवाळीपतुर त्येच्यासंगं माळावर, मग खाली. चौदाव्या वर्षी सुटलं ते. तेवढंच मनात हुतं. शिलाँगास्नं त्येच्यासाठीच आलो. औषधासाठी न्हवं."

"मला बोलला का नाहीस?"

"बोललो की. दिवाळीला. फुडच्या वर्षी जा म्हणालास."

मी पत्राची घडी घालत राहिलो. ती नीट बसत नव्हती.

"तुजं वाईट न्हवतं मनात," रवी म्हणाला. "मला ठाव हाय. ठेसनावर बी न्हवतं."

रविवार, २९ नोव्हेंबर

गुंडाचा ठावठिकाणा काढला. पलूसजवळ एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसली आहेत. आप्पासोंच्या पाहुण्यांची जीप मिळते. मागे गादी टाकून रवीला नेता येईल, संध्याकाळपर्यंत परत. मी उत्साहानं सगळं सांगितलं.

रवी ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नगं."

"का रे? डॉक्टरांना विचारलं मी, ते म्हणाले सावकाश न्या."

"गाडीत घालून नेणार, खुर्चीवर बसवणार, मेंढरं दावणार. जत्रंतला पाव्हणा व्हय मी? मला चालायचं हुतं दादा. बगायचं न्हवतं."

"निदान—"

"निदान बिदान नगं." मग माझा चेहरा बघून असेल, जरा हसला. "तुला बरं वाटावं म्हणून जाऊ व्हय? मग चल."

मी जीपवाल्याला नको म्हणून कळवलं. जाणं त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला तो म्हणेपर्यंत कळलं नव्हतं. अजूनही पूर्ण कळलं आहे असं नाही.

शनिवार, ५ डिसेंबर

या आठवड्यात नऊही गाणी पुन्हा केली. एकही शब्द गाळला नाही. विश्रांती खोडून मरण लिहिलं. गाळलेलं कडवं घातलं. विचित्र वाटेल, पण आता ती कमी भयंकर वाटतात. पहिल्या वेळच्या माझ्या ओळी वाचल्या की त्यांत कोणीतरी दार लोटून घेऊन हळू बोलतं आहे असं वाटतं. या ओळींत दार उघडं आहे. बाहेर फक्त थंडी आहे, पण ती दिसते तरी.

आज दुपारी रवीला सगळी वाचून दाखवली, मागे टेप चालू ठेवून. त्यानं डोळे मिटले होते. एका ठिकाणी मला थांबवून म्हणाला, "हितं बाननं 'अकेला' सांगितलंय. तू 'एकटा' म्हणालास. 'एकटा' बरा हाय."

मी माझा आक्षेप सांगितला. हे लोक म्हणतात माणूस एकटा आहे, शेवटी कोणी नाही. पण मग हे गातात कोणासाठी? कॅसेटी पोस्टानं का पाठवतात? बान तुला वर्षभर बसून अर्थ का सांगत होता? रवीनं विचार केला. "ते मला बी कळलं न्हाई कदी," म्हणाला. "पर आपुन एकटं हाय हे दुसऱ्यानं सांगितलं की जरा कमी थंडी वाजती." मग बोलणं झेपेना. मी त्याची पाठ चोळत बसलो. त्याच्या पाठीची हाडं मोजता येतात. हात तिथून काढावा की ठेवावा ते कळेना, ठेवला.

आप्पासो दारातून डोकावले. "सर, बारीक करू नगा तुमची गिरण. आता सवं झाली."

मी उठताना रवीनं माझं मनगट धरलं. "आईला कोन सांगनार?"

मी म्हणालो, शालनला पाठवतो, बायका बायकांत बरं असतं. त्यानं मनगट सोडलं नाही. मग मी म्हणालो, "मी."

शिमग्याला सगळं उतरेल असं आईनं परवाच्या पत्रात लिहून घेतलं आहे, शेजारच्या कोणाकडून. बिरोबाला बकरं बोलली आहे.

उद्या: सकाळी सहाची विटा गाडी. आईला सांगणे.